बहुतांच्या हातची कृति

एखाद्या गांवांत जुनी विहीर असते. तिचा पहिला दगड कोणी बसविला, पायऱ्या कोणी बांधल्या, गाळ कितीदां काढला, ह्याची नोंद कोणापाशीं नसते. कोणी कठडा घातला, कोणी रहाट बसविला, आणि पाणी मात्र सर्वांनीं प्यालें. अशी विहीर कोणाची, हा प्रश्न एरव्हीं कोणाच्या मनांतहि येत नाहीं. एके दिवशीं तिच्या तोंडावर कुलूप दिसलें म्हणजे मग तो उभा राहतो, आणि तेव्हां त्याचें उत्तर देणें सोपें नसतें.

संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न एका अगदीं साध्या साधनावरून उपस्थित झाला. संगणकावर मजकूर लिहावयाचा, खोडावयाचा, हलवावयाचा, शोधावयाचा, तर त्यासाठीं जी आज्ञावली लागते तिला एडिटर म्हणतात. लेखकाला जसा टांक, सुताराला जसा रंधा, तसा संगणकाच्या कारागिराला एडिटर; त्याचा सारा दिवस त्याच्याच संगतींत जातो. 'ईमॅक्स' नांवाचा असा एक एडिटर १९७६ सालीं अमेरिकेंत तयार झाला आणि तो आजहि वापरांत आहे. ह्या काळांत निरनिराळ्या लोकांनीं, निरनिराळ्या यंत्रांसाठीं, निरनिराळ्या भाषांत तो पुन्हां पुन्हां लिहिला. त्यांपैकीं बहुतेक भाषा थोड्या जाणत्यांखेरीज आज कोणाला ठाऊक नाहींत. कांहीं तर ज्या यंत्रांसाठीं जन्मल्या त्यांच्याबरोबरच नाहींशा झाल्या. यंत्रें गेलीं, भाषा गेल्या, कृति मात्र टिकली. ती कशाच्या बळावर टिकली, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या कथेचा आरंभ कागदी फितीपासून होतो. १९६२-६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, ह्या संस्थेंत पीडीपी-१ नांवाचा संगणक होता. त्या काळीं आज्ञावली छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवर साठवीत. एक अक्षर जरी चुकलें तरी फीत दुरुस्त करणें हें मोठें जिकिरीचें काम असे. डॅन मर्फी ह्या तरुणानें त्यावर 'टेको' हा उपाय काढला. मूळ फीत संगणकानें वाचावी, दिलेल्या आज्ञांप्रमाणें मजकुरांत फेरफार करावे आणि शुद्ध प्रतीची नवी फीत छिद्रें पाडून बाहेर टाकावी, अशी त्याची रीत होती. 'फितीचा संपादक आणि शोधक' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्याचें नांव बनलें.

टेकोच्या आज्ञा एकेका अक्षराच्या होत्या. 'डी' म्हटलें कीं अक्षर पुसलें जाई, 'के' म्हटलें कीं ओळ जाई, 'एस' म्हणजे शोध, 'आय' म्हणजे भर. पुढें पुढें ह्या अक्षरांना पुनरावृत्तीची आणि अटींची जोड मिळाली, आणि फीत सुधारण्याचें तें साधन पाहतां पाहतां एक प्रोग्रॅमिंगची भाषाच होऊन बसलें. भाषा तरी कशी? जवळजवळ प्रत्येक अक्षराला अर्थ, त्यामुळें लिहिलेली आज्ञा दिसावयाला शुद्ध गोंगाटासारखी. आपलें स्वतःचें नांव आज्ञा म्हणून टंकावें आणि मजकुराचें काय होतें तें पाहावें, असा एक खेळच त्या मंडळींत रूढ झाला होता. इतक्या दुर्बोध भाषेंत पुढें एक सर्वमान्य कृति घडावी, ही ह्या कथेंतील पहिली मौज होय.

ती घडली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत. तेथें पीडीपी-१० हा मोठा संगणक होता, आणि त्याचा कारभार चालविणारी व्यवस्था त्या मंडळींनीं स्वतःच लिहिलेली होती. तिचें नांव त्यांनीं थट्टेनें 'इनकम्पॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम', म्हणजे कोणाशींहि न जुळणारी, असें ठेविलें होतें. आरंभीं तिच्यांत संकेतशब्दांची कुलुपें नव्हतीं. कोणीहि यावें, कोणाचीहि आज्ञावली उघडून वाचावी, चूक दिसली तर सुधारावी, आणि ती सुधारणा दुसऱ्या दिवसापासून सर्वांची व्हावी, असा तेथील शिरस्ता होता. १९७१ सालीं रिचर्ड स्टॉलमन हा हार्वर्डचा विद्यार्थी ह्या प्रयोगशाळेंत काम करूं लागला, आणि हा शिरस्ता त्याच्या अंगीं पुरता मुरला.

टेकोमध्यें तोंवर लिहिणाऱ्यानें आज्ञा द्यावी आणि मग परिणाम पाहावयास मागावा, असा व्यवहार होता. डोळ्यांसमोर मजकूर आणि बोटाखालीं बदल, ही सोय नव्हती. १९७२ सालीं कार्ल मिकल्सन यांनीं टेकोला अशी सोय जोडून दिली. पुढें स्टॉलमन यांनीं स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेंतील 'ई' नांवाचा एडिटर पाहिला. त्यांत पडद्यावरचा मजकूर टंकतां टंकतां बदलत असे. परत आल्यावर त्यांनीं टेकोची ती सोय नव्यानें लिहिली आणि तिच्यांत एक लहानसा दरवाजा ठेविला: कळफलकावरील कोणतीहि कळ दाबली असतां टेको भाषेंतील एखादी तयार आज्ञामाला, म्हणजे मॅक्रो, चालावी, अशी तजवीज केली. कोणती कळ दाबली असतां काय व्हावें, हें आतां ज्याचें त्याला ठरवितां येऊं लागलें.

दरवाजा लहान होता, परंतु त्यांतून सारी प्रयोगशाळा आंत शिरली. ज्यानें त्यानें आपल्या सोयीच्या आज्ञामाला रचल्या. त्यांचे संग्रह झाले. 'टेकमॅक' आणि 'टीमॅक्स' हे त्यांतील दोन प्रसिद्ध. परिणाम असा झाला कीं शेजारच्या मेजावर जाऊन बसावें तर तेथील कळा निराळ्याच! जी कळ एकाकडे ओळ पुसते, ती दुसऱ्याकडे भलतेंच कांहीं करते. स्वातंत्र्य आलें तशी फाटाफूटहि आली.

१९७६ सालीं गाय स्टील यांनीं हे निरनिराळे संग्रह एकत्र करून सर्वांना चालेल अशी एकच कळांची व्यवस्था ठरविण्याचें काम अंगावर घेतलें. डेव्हिड मून आणि इतर सहकारी त्यांत होते. हें काम संगणकाचें कमी आणि मनुष्यस्वभावाचें अधिक होतें. ज्याच्या बोटांना जी सवय जडली ती सोडावयास सहसा कोणी राजी नसतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. पुढें प्रत्यक्ष रचना मुख्यतः स्टॉलमन यांनीं तडीस नेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस नवा एडिटर चालूं लागला. 'एडिटर मॅक्रोज' ह्या शब्दांवरून त्याचें नांव ईमॅक्स पडलें. खालचा टेको पीडीपी-१० च्या यंत्रभाषेजवळच्या 'मिडास' भाषेंत, वरचा सारा डोलारा टेकोच्या गोंगाटांत. आणि अशा पायावर उभी असलेली ती वस्तु वापरावयास मात्र इतकी सुबक कीं जो बसे तो तिचाच होऊन जाई.

एकदां फाटाफूट पाहिलेली असल्यामुळें स्टॉलमन यांनीं ईमॅक्स देतांना एक अट घातली. प्रत कोणालाहि मिळेल. परंतु घेणाऱ्यानें जी कांहीं सुधारणा केली असेल ती परत पाठविली पाहिजे, म्हणजे ती मूळ प्रतींत घालून सर्वांना वांटतां येईल. ह्या व्यवहाराला त्यांनीं 'ईमॅक्स कम्यून' असें नांव दिलें, आणि १९८१ सालच्या आपल्या निबंधांत ही सामायिकतेची अट जाहीर मांडली. ह्या अटीला कायद्याचा आधार नव्हता. शब्दाला जागणें एवढाच तिचा आधार. विहिरीचें पाणी न्यावें आणि जमेल तेव्हां दोन पाट्या गाळ काढावा, असाच तो व्यवहार होता.

आतां अडचण अशी आली कीं हा ईमॅक्स पीडीपी-१० च्या जातीच्या यंत्रांवरच चाले. इतर यंत्रांवरील लोकांना त्याची चटक लागली, परंतु टेको तर नेतां येईना. तेव्हां त्यांनीं मूळ लेखन तेथेंच सोडलें आणि कल्पना तेवढी उचलली. लिस्प भाषेसाठींच बांधलेल्या लिस्प यंत्रावर डॅनियल वाइनरेब यांनीं लिस्पमध्येंच नवा एडिटर लिहिला आणि त्याला 'आइन' असें नांव दिलें. 'आइन इज नॉट ईमॅक्स', आइन म्हणजे ईमॅक्स नव्हे, असा त्याचा विस्तार. त्याच्या पुढच्या आवृत्तीचें नांव 'त्स्वाय'. जर्मन भाषेंत आइन म्हणजे एक आणि त्स्वाय म्हणजे दोन, ही त्यांतील गंमत. सीपी/एम व्यवस्थेवर चालणाऱ्या लहान संगणकांची सारी स्मरणशक्ति ६४ किलोबाइटच्या आंत. त्यांच्यासाठीं क्रेग फिन्सेथ आणि त्यांचे सोबती यांनीं सी भाषेच्या एका छोट्या रूपांत 'मिन्स' लिहिला. तोहि आपल्या नांवांतच आपण पुरा ईमॅक्स नसल्याचें प्रांजळपणें सांगे. जोनाथन पेन ह्या शाळकरी मुलानें 'जोव्ह' लिहिला. कार्नेगी मेलन विद्यापीठांत स्पाइस लिस्पमध्यें 'हेम्लॉक' झाला, एमआयटीच्या स्कीम भाषेंत 'एडविन' झाला. प्रत्येकाची भाषा निराळी, यंत्र निराळें. परंतु एकाची कळ जाणणाऱ्याला दुसऱ्याकडे परकेपणा वाटत नसे.

ह्या सर्व भावंडांत मल्टिक्स व्यवस्थेवरील ईमॅक्सची हकीकत विशेष बोधप्रद आहे. तो १९७८ सालीं हनीवेल कंपनींत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनीं लिहिला. मल्टिक्सचें बहुतेक लेखन पीएल/वन ह्या भाषेंत होत असे. ग्रीनबर्ग यांनीं मात्र मॅकलिस्प निवडली, कारण वापरणाऱ्याला चालत्या एडिटरांत भर घालतां यावी, ही गोष्ट लिस्पमध्यें सहज साधे. स्टॉलमन यांनीं नंतर सांगितलें आहे कीं त्या कचेरींतील चिटणिसाचें काम करणाऱ्या स्त्रियाहि हा एडिटर वापरूं लागल्या. आपल्याला हव्या त्या सोयी त्यांत कशा जोडाव्या, हें माहितीपुस्तकांत दिलेलें होतें. परंतु ह्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, असें तेथें कोठें म्हटलेलें नव्हतें. प्रोग्रॅमिंग आपल्या आवांक्याबाहेरचें आहे, अशी समजूत असलेल्या त्या स्त्रिया न बिचकतां लिस्पमध्यें लिहूं लागल्या! विद्वत्तेच्या अनेक दारांवर कुलूप नसून केवळ पाटी असते, आणि ती पाटी काढली कीं माणसें सहज आंत येतात, हें ह्या एका गोष्टीवरून दिसून येतें.

येथवर कथा सुखाची आहे. परंतु १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेंतील वातावरण बदलूं लागलें. लिस्प यंत्रें विकण्यासाठीं सिम्बॉलिक्स आणि लिस्प मशीन्स अशा दोन कंपन्या निघाल्या, आणि प्रयोगशाळेंतील बहुतेक कर्ते लोक त्यांत गेले. काल एका मेजावर बसणारे आज प्रतिस्पर्धी झाले. पीडीपी-१० ची जातहि तिच्या कंपनीनें पुढें बंद केली. त्याबरोबर मिडास आणि टेको ह्या भाषांतील दहा-पंधरा वर्षांचें सामायिक लेखन एकाएकीं निराधार झालें. ज्या यंत्रावर तें उभें होतें तें यंत्रच आतां मिळणार नव्हतें.

ह्याच सुमारास, १९८१ सालीं, कार्नेगी मेलन येथील विद्यार्थी जेम्स गॉस्लिंग यांनीं युनिक्स व्यवस्थेसाठीं सी भाषेंत एक ईमॅक्स लिहिला. पुढें जावा ह्या भाषेचे जनक म्हणून प्रसिद्धि पावलेले गॉस्लिंग ते हेच. त्यांत भर घालण्यासाठीं त्यांनीं 'मॉकलिस्प' नांवाची भाषा योजली होती. तिचा तोंडवळा लिस्पचा, परंतु लिस्पचा प्राण जो यादीचा घटक, तोच तिच्यांत नव्हता. युनिक्स जिकडेतिकडे पसरत होतें, त्यामुळें हा ईमॅक्सहि पसरला. आरंभीं त्याची प्रत मोकळेपणानें मिळत असे आणि पुष्कळांनीं त्याला हातभार लावला होता. १९८३ सालीं मात्र तो युनिप्रेस ह्या कंपनीकडे गेला आणि विक्रीची वस्तु झाला.

ह्यांत एकाच पक्षाला दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. शेंकडों ठिकाणीं पसरलेल्या आज्ञावलीची निगा एकट्यानें किती दिवस राखावी, हा प्रश्न खरा आहे, आणि कंपनीनें जी वस्तु रीतसर घेतली तिचें मोल मागणें हेंहि व्यवहाराला धरूनच आहे. परंतु ज्यांनीं आपलें लेखन सामायिक समजून दिलें होतें त्यांच्या दृष्टीनें विहिरीला कुलूप लागलें होतें. आणि तें काढावयास सांगण्याचा अधिकार देणारा कागदाचा एक कपटाहि त्यांच्यापाशीं नव्हता.

२७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं 'ग्नू' नांवाची संपूर्ण मुक्त संगणक-व्यवस्था लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. 'ग्नू इज नॉट युनिक्स' हा त्या नांवाचा विस्तार. आइनच्या वेळची थट्टा येथें पुन्हां दिसते. सप्टेंबर १९८४ मध्यें त्यांनीं ग्नू ईमॅक्स लिहावयास घेतला. गाभा सी भाषेंत आणि त्यावरील सारें खऱ्या लिस्पमध्यें, अशी त्याची रचना होती. काम लवकर व्हावें म्हणून पडद्यावर मजकूर उमटविण्याचा भाग त्यांनीं गॉस्लिंग यांच्या लेखनांतून घेतला. एका सहकाऱ्यामार्फत तशी परवानगी आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. युनिप्रेसनें हरकत घेतली. वाद घालीत बसण्यापेक्षां स्टॉलमन यांनीं तो सर्व भाग स्वतः नव्यानें लिहिला, आणि जुलै १९८५ मध्यें १६.५६ ही आवृत्ति त्या उसन्या लेखनाशिवाय बाहेर पडली. ह्या एडिटराची फीत ते १५० डॉलरला विकत. ज्याला मैत्रीखातर किंवा तारायंत्रांच्या जाळ्यावरून मिळेल त्यानें ती फुकट घ्यावी, ह्यास त्यांची हरकत नसे.

ह्या धड्याचें फळ केवळ नवा पडदा-लेखनाचा भाग एवढेंच नव्हतें. नुसत्या शब्दावर विसंबून चालणार नाहीं, हें आतां स्पष्ट झालें होतें. म्हणून ग्नू ईमॅक्सबरोबर एक लेखी परवाना देण्यांत येऊं लागला, आणि त्याच बीजांतून फेब्रुवारी १९८९ मध्यें 'जनरल पब्लिक लायसन्स' हा सामान्य परवाना तयार झाला. त्याची खुबी अशी कीं स्वामित्वहक्काचा जो कायदा एरव्हीं कुलूप घालण्यासाठीं वापरतात, त्याच कायद्यानें कुलूप घालण्यास मनाई केली. शिवाय जुन्या कम्यूनच्या अटींत एक महत्त्वाचा फरक झाला. पूर्वीं सुधारणा एका मध्यवर्ती माणसाकडे परत पाठवावी लागे. आतां तें बंधन उरलें नाहीं. जो पुढें प्रत देईल त्यानें घेणाऱ्याला आपल्याइतकाच अधिकार आणि मूळ लेखन दिलें पाहिजे, एवढीच अट राहिली. ऋण मागें फेडावयाचें होतें तें आतां पुढें फेडावयाचें ठरलें.

लेखी कराराला स्वतःचे कांटेहि असतात. ग्नू ईमॅक्समध्यें मोठी भर घालणाऱ्याकडून आपला हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन करणारा सहीचा कागद घेण्याची पद्धति पडली. १९९१ पासून लूसिड कंपनींतील मंडळींनीं आपला निराळा ईमॅक्स सुरू केला. १९९४ नंतर तो 'एक्सईमॅक्स' म्हणून चालला. दोन्ही शाखा एकत्र याव्या असें पुष्कळांना वाटे, परंतु मतभेदांइतकेच हे सह्यांचे कागदहि आड आले. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: ह्या फाटाफुटींत कोणाचें काम कोणाला बंद पाडतां आलें नाहीं. दोन विहिरी झाल्या, परंतु दोन्ही उघड्या राहिल्या.

आणि उघड्या विहिरीवर कोण पाणी भरावयास येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. जपानांत सुकुबा येथील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरी ह्या सरकारी संशोधन-संस्थेंतील केनइचि हांडा आणि त्यांचे सहकारी यांना जपानी लिपि हवी होती. त्यांनीं कोणाच्या आमंत्रणाची वाट न पाहतां ईमॅक्समध्यें ती घातली, आणि मग जपानीवरच न थांबतां अनेक लिपि एकत्र नांदूं शकतील अशी 'म्यूल' नांवाची रचना केली. १९९७ सालीं ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तींत ती मूळ प्रतींत आली. त्या एडिटराच्या माहितीपुस्तकांत कोणत्या लिपि लिहितां येतात ह्याची जी यादी छापली, तिच्यांत देवनागरी आहे आणि तिच्यापुढें कंसांत दोन भाषांचीं नांवें आहेत: हिंदी आणि मराठी. बॉस्टनजवळ सुरू झालेल्या आणि जपानांत वाढलेल्या ह्या कामाचा प्रसाद मराठीच्या वांट्यासहि असा आला. २००९ सालच्या तेविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्सचा अंतर्गत व्यवहारहि युनिकोडवर आधारलेला आहे.

आज टेको वाचूं शकणारीं माणसें फार थोडीं आहेत. मिडास आणि मॉकलिस्प हीं नांवेंहि बहुतेकांना अपरिचित आहेत. पीडीपी-१० पाहावयाचा तर संग्रहालयाकडे वळावें लागतें. तरी देखील कंट्रोलची कळ धरून 'एफ' दाबलें असतां एक अक्षर पुढें, 'बी' दाबलें असतां एक अक्षर मागें, 'एन' दाबलें असतां खालची ओळ आणि 'पी' दाबलें असतां वरची, ह्या टेकोवरील ईमॅक्सच्या वेळच्या खुणा आजच्या ईमॅक्समध्यें जशाच्या तशा चालतात. आज बोटें तीच वाट चालतात. त्या बोटांच्या धन्याला बहुधा गाय स्टील यांचें नांवहि माहीत नसतें.

ह्या साऱ्या इतिहासांत जी वस्तु वारंवार बदलली ती भाषा, आणि तिच्या बदलण्यानें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. टेको गेली तर लिस्प आली, मॉकलिस्प गेली तर खरी लिस्प आली. एका भाषेंतलें काम दुसरींत पुन्हां लिहितां येतें. त्याला कष्ट पडतात, पण तें होतें. जें एकदां तुटलें असतां पुन्हां लिहून काढणें सर्वांत कठीण गेलें, तें होतें काम करणाऱ्यांमधील वचन. १९७६ सालीं तें एका प्रयोगशाळेच्या चालीरीतींत होतें आणि लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. १९८९ सालीं तें कायद्याच्या भाषेंत कलमवार लिहावें लागलें. बहुतांच्या हातची कृति बहुतांची राहावयाची असेल तर तिचें पाणी चांगलें असून भागत नाहीं. तिच्यावर कोणाचा काय अधिकार, हें ती भरलेली असतांनाच, स्नेहाच्या दिवसांतच, स्पष्ट लिहून ठेवावें लागतें.